सह्याद्रीची सवय आणि उत्तरेची सीमा

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी उल्हास नदीत उतरतं आणि थोडक्या वाटचालीत अरबी समुद्र गाठतं. पूर्वेला पडलेलं पाणी इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि सगळं द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे, तरी ती त्याच्याकडे पाठ करून चालू लागते. घाटमाथ्याची धार म्हणजेच पाण्याची वाटणी, आणि तीच कोकण आणि देशाची शीव. रायगड आणि पुणे, रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांच्या हद्दी बऱ्याच अंतरात याच धारेवरून गेल्या आहेत. डोंगर, पाणी आणि हद्द या तिन्ही गोष्टी आपल्याकडे जवळजवळ एकाच रेघेत बसतात.

मराठी माणसाला डोंगररांग कशी असते ते या घाटमाथ्यानं शिकवलं आहे. देशाची उत्तर सीमा डोळ्यांसमोर आणताना आपण नकळत हाच साचा तिकडे नेतो: एक उंच धार, धारेवर सर्वांत उंच शिखरं, अलीकडचं पाणी आपलं, पलीकडचं त्यांचं आणि माथ्यावरून गेलेली सीमा. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घराघरात पोचलं आणि आजही ते अभिमानानं उच्चारलं जातं. त्या भावनेविषयी मनात आदर ठेवूनच सांगायला हवं, की भूगोलाच्या बाबतीत सह्याद्रीची सवय हिमालय समजून घेताना आडवी येते. उत्तर सीमेबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ या एका साच्यात आहे.

खरं तर सह्याद्रीतही हा साचा एका ठिकाणी मोडतो. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. ते मुख्य घाटमाथ्यावर नाही, माथ्यापासून पूर्वेकडे निघालेल्या रांगेवर आहे. त्याच्या उत्तर उताराचं पाणी दारणेत जातं, दक्षिण उताराचं भंडारदऱ्याच्या बाजूनं प्रवरेत, आणि दारणा काय, प्रवरा काय, दोन्ही शेवटी गोदावरीलाच मिळतात. म्हणजे सर्वांत उंच शिखर, पण त्याच्या दोन्ही अंगांचं पाणी एकाच नदीचं. हे उदाहरण पक्कं लक्षात ठेवावं. उत्तरेकडे कळसूबाई पुन्हा पुन्हा भेटते.

आधी दिशांचा घोळ निस्तरू. ‘उत्तर सीमा’ म्हटलं की ती सगळी दिल्लीच्या वर कुठेतरी आडवी पसरलेली आहे असं वाटतं. हिमालय सरळ नाही. नंगा पर्वतापासून नामचा बरवापर्यंत सुमारे २४०० किलोमीटरचा तो एक कमानदार बाक आहे आणि कमानीचं पोट दक्षिणेकडे आहे. म्हणून पूर्वेकडे जाताना सीमा झपाट्यानं खाली उतरते. दिल्ली २८°३७′ उत्तर अक्षांशावर आहे, एव्हरेस्ट २७°५९′ वर. जगातलं सर्वोच्च शिखर दिल्लीच्या दक्षिणेला आहे. तवांग साधारण मथुरेच्या अक्षांशावर येतं. ल्हासा २९°३९′ वर म्हणजे हरिद्वारच्याही किंचित दक्षिणेला आहे. पश्चिमेकडे दुसरा घोळ: लेह काश्मीरच्या उत्तरेला आहे असं अनेकजण धरून चालतात. श्रीनगर आणि लेह जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, एक ३४°०५′ आणि दुसरं ३४°१०′ च्या आसपास. लडाख काश्मीरच्या पूर्वेला आहे. लेहहून सीमेवरच्या डेमचोककडे निघालेला माणूस आग्नेयेला जातो, त्यामुळे लडाखची चीनलगतची सीमा बरीचशी पूर्वेची सीमा आहे. बातमीत ‘उत्तर सीमेवर तणाव’ असं येतं तेव्हा हे नकाशावर पाहून घ्यावं, मग हालचालींचा अर्थ लागायला लागतो.

देशाचं उत्तर टोक विचारलं, तर बऱ्याचदा सियाचीनच्या डोक्यावरच्या इंदिरा कोल या खिंडीचं नाव पुढे येतं. पाठ्यपुस्तकात मात्र भारताचा विस्तार ३७°६′ उत्तर अक्षांशापर्यंत दिलेला असतो आणि इंदिरा कोल त्याच्या दीडेक अंश दक्षिणेला आहे. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा फरक किरकोळ नाही. ३७°६′ चं टोक पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानात आहे; इंदिरा कोल हे प्रत्यक्ष भारताच्या ताब्यातल्या भूभागाचं टोक. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न कोणता विचारला ते पाहायचं. तो इंदिरा शब्दही इंदिरा गांधींवरून आलेला नाही. फॅनी बुलक वर्कमन यांच्या मोहिमेनं १९१२ मध्ये ते नाव दिलं आणि त्यातली इंदिरा म्हणजे लक्ष्मी.

आता मूळ मुद्दा, पाणी.

नकाशावर एखादी सीमारेषा जलविभाजकावरून, म्हणजे पाण्याची वाटणी करणाऱ्या धारेवरून, जाते की नाही हे तपासायची साधी कसोटी आहे. जलविभाजकाची रेघ एकाही नदीला ओलांडत नाही. ओलांडली, तर ती जलविभाजक नाही. समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा हाताशी असेल तर आणखी एक खूण आहे. ओढ्याच्या जागी समोच्चरेषा ‘व्ही’सारख्या दुमडतात आणि त्यांचं टोक चढाकडे असतं. डोंगराच्या सोंडेवर त्या तशाच दुमडतात, पण टोक उताराकडे असतं. सोंडेवरची टोकं जोडत जोडत माथ्यापर्यंत जायचं आणि माथ्यावरून पुढे सरकायचं, वाटेत कुठेही पाण्याची निळी रेघ न ओलांडता. ट्रेकला जाणारी मंडळी हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या नकाशांवर हे सहज करतात.

हीच कसोटी हिमालयाच्या सर्वांत उंच शिखरांच्या ओळीला लावली तर ती पहिल्याच फेरीत नापास होते. सिंधू, सतलज, कर्नाली, काली गंडकी, अरुण, ब्रह्मपुत्रा या सगळ्या नद्या मुख्य हिमालयाच्या पलीकडून येतात आणि त्याला चिरून अलीकडे उतरतात. काली गंडकी धौलागिरी (८१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८०९१ मीटर) यांच्या मधून वाहते आणि तिथे तिच्या दरीचा तळ अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. पाणी डोंगर चढून आलेलं नाही. भारतीय भूपट्ट आशियाला धडकायला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली, जमीन हळूहळू उचलली जाऊ लागली, आणि आधीपासून वाहणाऱ्या काही नद्यांनी उचलण्याच्या वेगानं आपलं पात्र कापत नेलं. डोंगर वाढत गेला आणि नदी जागच्या जागी खोल होत गेली. भूगोलात यांना पूर्ववर्ती नद्या म्हणतात. सह्याद्रीचा कडा हा आपल्याकडच्या नद्यांचा उगम असतो. हिमालयात कडा हा अनेक नद्यांच्या वाटेतला मधला टप्पा आहे.

म्हणून खरा जलविभाजक बहुतेक ठिकाणी उंच शिखरांच्या मागे, उत्तरेला आणि तुलनेनं बुटक्या टेकाडांवरून जातो. नंदादेवी ७८१६ मीटर आहे, पण सीमा तिच्यावरून जात नाही. ती पूर्णपणे भारताच्या आत आहे. धौलीगंगा तिच्या मागच्या बाजूनं, नीती खिंडीच्या परिसरातून येते आणि पाण्याची वाटणी त्या खिंडीजवळ होते: अलीकडचं गंगेला, पलीकडचं सतलजला. उत्तर सिक्कीममध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. तीस्ता त्सो ल्हामो सरोवराच्या परिसरात उगम पावते आणि ते सरोवर बर्फाच्छादित शिखरांच्या ओळीच्या उत्तरेला, रखरखीत पठारावर आहे. गुरुडोंगमारला गेलेले पर्यटक परत येऊन ‘तिबेटसारखं वाटलं’ म्हणतात. भूरूपाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, तिबेटच्या पठाराचा तो सिक्कीममध्ये आलेला कोपरा आहे.

उलट उदाहरण चुंबी खोऱ्याचं. हे तिबेटचं खोरं हिमालयाच्या दक्षिण अंगाला आहे. तिथली आमो चू भूतानमधून खाली येते आणि बंगालमध्ये तोरसा होते. सिक्कीम आणि चुंबी यांच्यामधल्या धारेवर नथुला आहे, उंची ४३१० मीटर. धारेच्या पश्चिमेचं पाणी तीस्तेला, पूर्वेचं आमो चूला आणि दोन्ही नद्या अखेर ब्रह्मपुत्रेला. पुन्हा कळसूबाई.

लडाखमध्ये तर कळसूबायांची रांगच आहे. श्रीनगरहून लेहला जाताना ३५२८ मीटरवर झोजीला ओलांडतात, तेव्हा मुख्य हिमालय ओलांडला जातो. द्रास, कारगिल, लेह ही सगळी ठिकाणं हिमालयाच्या मुख्य रांगेच्या उत्तरेला आहेत, हे वाक्य ऐकून आजही अनेकजण थबकतात. ‘हिमालयापर्यंत भारत’ म्हटलं तर लडाखच बाहेर राहील. झोजीलाच्या अलीकडचं पाणी काश्मीरच्या सिंध नावाच्या छोट्या नदीतून झेलमला मिळतं, पलीकडचं द्रास नदीतून सिंधूला, आणि झेलमही पुढे पंजाबच्या बाकीच्या नद्यांसोबत सिंधूलाच मिळते. दरवर्षी महाराष्ट्रातून शेकडो मोटरसायकली खारदुंगलाला जातात. तिथेही तेच: दक्षिणेचं पाणी लेहच्या बाजूला सिंधूत, उत्तरेचं श्योक नदीत, आणि श्योक पुढे सिंधूत. खारदुंगला सीमेवर नाही, लडाख रांगेवर आहे, लेहहून ३९ किलोमीटरवर. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. उपग्रहाच्या मदतीनं केलेल्या मोजणीत ही खिंड ५३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरते. जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता हा तिचा मानही खरा नाही. लडाखमध्येच उमलिंग ला १९,०२४ फुटांवर आहे.

दक्षिणेकडून उत्तरेकडे लडाखचे थर लावले तर असे लागतात: मुख्य हिमालय, झांस्कर रांग, सिंधूचं खोरं, लडाख रांग, श्योक आणि नुब्राचं खोरं, मग काराकोरम. काराकोरम म्हणजे हिमालय नव्हे. ती वेगळी रांग आहे, सिंधूच्या पलीकडची. के-टू, ८६११ मीटर, काराकोरममध्ये आहे. त्यामुळे ‘भारतातलं सर्वोच्च शिखर कोणतं’ या स्पर्धा परीक्षेच्या लाडक्या प्रश्नालाही नीट शब्द हवेत. अधिकृत नकाशाच्या हद्दीत के-टू येतं, प्रत्यक्ष ताब्यात असलेल्यांत ८५८६ मीटरचं कांचनजंगा सर्वांत उंच आहे, आणि तेही नेपाळच्या सीमेवर. एव्हरेस्टचा भारताच्या सीमेशी काहीही संबंध नाही. ते नेपाळ आणि चीनच्या सीमेवर आहे.

बर्फाचंही तसंच. उत्तरेला जावं तितका बर्फ वाढतो हा समज इतका रुळलेला आहे की लेहमध्ये उतरल्यावर उघडी मातकट टेकाडं पाहून माणसं बुचकळ्यात पडतात. लेहला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पर्जन्यछायेतल्या माणदेशातही लेहच्या कितीतरी पट. घाट ओलांडला की पाऊस आटतो हे आपल्याला माहीत आहेच, इथे ओलांडायला एकामागून एक चार-पाच घाट आहेत. पाऊस नाही तर बर्फही नाही, म्हणून कायम बर्फाची रेषा हिमालयाच्या दमट दक्षिण अंगापेक्षा कोरड्या उत्तर अंगाला जास्त उंचीवर असते. काराकोरमच्या उंच हिमनद्यांचा अपवाद आहे; त्यांना हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे भरपूर बर्फ पुरवतात.

अक्साई चीनची कल्पनाही अशीच दुरुस्त करावी लागते. हिमशिखरांचा दुर्गम पट्टा असं तिचं चित्र मनात असतं. ते सुमारे ५००० मीटर उंचीवरचं मिठाचं, बऱ्याच ठिकाणी सपाट वाळवंट आहे, क्षेत्रफळ साधारण ३८,००० चौरस किलोमीटर. सपाट होतं म्हणूनच चीनला तिथून शिनजियांग आणि तिबेट जोडणारा रस्ता १९५७ पर्यंत पुरा करता आला. पाणी तिथे तीन दिशांना जातं. गलवान आणि चांग चेनमो पश्चिमेकडे श्योकला मिळतात, काराकाश उत्तरेकडे खोतानच्या वाळवंटात उतरते, आणि मधलं बरंचसं पाणी कुठेच जात नाही, खाऱ्या तळ्यांमध्ये साठून वाळतं. अशा जागी जलविभाजक नावाची एकच रेघ काढताच येत नाही, आणि वादाचं भौगोलिक मूळ इथे आहे. १८६५ मध्ये जॉन्सन या सर्वेक्षकानं दाखवलेली हद्द आणि १८९७ मधली अर्डाघ यांची सूचना अक्साई चीनला पोटात घेऊन कुनलुन रांगेपर्यंत जाते. १८९९ मध्ये ब्रिटिशांनी चीनपुढे ठेवलेली मॅकार्टनी-मॅकडोनल्ड रेषा काराकोरमचा आधार घेऊन बराचसा भाग बाहेर ठेवते. चीननं तिला उत्तरच दिलं नाही. एक रेषा एका रांगेला भिंत मानते, दुसरी दुसऱ्या रांगेला. भारताची अधिकृत सीमा पहिल्या परंपरेतली आहे. हे माहीत नसताना गलवानमधल्या चकमकीबद्दल मत बनवणं मला पोकळ वाटतं.

लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या काठी ज्यांना ‘फिंगर’ म्हणून क्रमांक दिले आहेत त्या सोंडा आहेत, डोंगराच्या पाण्यात उतरलेल्या सोंडा. सोंडेवर ठाण मांडलं की दोन्ही बाजूंचे ओहोळ दिसतात आणि काठावरची वाट अडवता येते. गडांच्या माच्या याच विचारानं बांधल्या गेल्या. इथे सह्याद्रीचा माणूस कुणाच्याही आधी समजेल.

आता कागदाकडे. सीमा जमिनीवर येण्याआधी तीन पायऱ्या चढते. आधी राजकीय निर्णय, कोणता मुलूख कुणाचा. मग त्याचं शब्दांत आणि नकाशावर रेखांकन. शेवटी दोन्ही बाजूंच्या पथकांनी मिळून चालत जाऊन केलेलं सीमांकन, स्तंभ आणि त्यांच्या नोंदींसकट. भारत आणि चीन यांच्यात ही तिसरी पायरी झालेलीच नाही. २००० साली दोन्ही बाजूंनी नकाशांची देवाणघेवाण केली तीही फक्त मधल्या क्षेत्रापुरती. प्रत्यक्ष नियंत्रण रेषा आखलेली आहे, तिच्यावर खुणा आहेत, जवान तिच्या दोन बाजूंना उभे आहेत, हे चित्र म्हणून चुकीचं आहे. ती दोघांच्या दोन समजुतींची रेषा आहे आणि काही जागी त्या समजुतींत कित्येक किलोमीटरचं अंतर आहे. पाकिस्तानबरोबरची नियंत्रण रेषा वेगळी: १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही सैन्यांनी नकाशांवर सह्या करून ठरवलेली, सुमारे ७४० किलोमीटर. त्यातही मेख शेवटी आहे. ती एनजे ९८४२ या बिंदूवर थांबते, आणि १९४९ च्या कराची करारात पुढच्या वाटेबद्दल ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत’ एवढंच लिहिलेलं आहे. ते लिहिताना तिकडे कुणी जाईल असं वाटलं नव्हतं.

पूर्वेची, अरुणाचल आणि तिबेट यांच्यामधली मॅकमहोन रेषा हा कागदाचा सर्वांत बोलका धडा आहे. १९१४ च्या मार्चमध्ये ती ८ मैलाला १ इंच या प्रमाणाच्या नकाशावर जाड लाल रेघेनं काढली गेली. हिशेब करू. ८ मैल म्हणजे ५,०६,८८० इंच; प्रमाण झालं १ ला ५,०६,८८०. नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ५०० मीटर. टाकाची रेघ १ मिलिमीटर रुंद धरली तरी अर्धा किलोमीटर रुंदीचा पट्टा निव्वळ शाईखाली गेला. डोंगराचा माथा, अलीकडचा ओढा आणि पलीकडचा ओढा, सगळं त्या शाईत मावतं. त्यात काही भाग तेव्हा पुरता मोजलेलाही नव्हता.

या रेषेला ‘जलविभाजकावरून जाणारी’ म्हणायची पद्धत आहे. वरची कसोटी लावून पाहा: न्यामजंग चू, सुबनसिरी, सियांग, लोहित या नद्या तिबेटातून येऊन तिला ओलांडतात. तेव्हा ती जलविभाजक नाही. सर्वांत उंच धारेचा मागोवा घेत, नद्यांच्या खिंडारांवरून उडी मारत जाणारी ती रेषा आहे. उंच धार हा तिचा हेतू होता, पण पश्चिम टोकाला नकाशावरची रेघ प्रत्यक्ष उंच धारेपासून काही किलोमीटर दक्षिणेला पडली. उंच धार तागलाची. रेघ तिच्या खाली. भारतानं तत्त्व धरलं, चीननं नकाशावरची रेघ. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, तागलाच्या पायथ्याशी नामका चू नावाचा अरुंद ओढा आहे. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे हल्ला सुरू झाला तो या ओढ्यावर. दरीच्या तळाशी, समोर शत्रूच्या ताब्यातली उंच धार आणि पाठीमागे रसद आणायला रस्ता नाही, अशा जागी आपले सैनिक उभे होते. शिखर कुठे आणि पाणी कुठे ही बाब भूगोलाच्या तासापुरती नसते.

सिक्कीम, भूतान आणि चुंबी जिथे भेटतात तिथल्या डोकलामचा पेचही याच जातीचा. १७ मार्च १८९० ला कोलकात्यात झालेल्या करारात सिक्कीमची सीमा गिपमोची पर्वतापासून सुरू होऊन तीस्ता आणि आमो चू यांच्यामधल्या जलविभाजकावरून जाईल असं लिहिलं आहे. करार लिहिणाऱ्यांनी गिपमोचीचं नाव घातलं. पण मुख्य जलविभाजक त्याच्या उत्तरेला, बटांगलाजवळ वळतो. एकाच वाक्यातले दोन तुकडे दोन वेगळ्या जागा दाखवतात, आणि २०१७ मध्ये ७३ दिवस भारत आणि चीनची सैन्यं त्या दोन तुकड्यांच्या मध्ये उभी राहिली.

हे सगळं डोंगराळ झालं. उत्तर सीमेचा फार मोठा हिस्सा मात्र डोंगरावर नाहीच. नेपाळबरोबरची १७५१ किलोमीटरची सीमा घ्या. पश्चिमेला महाकालीची वरची दरी आणि पूर्वेला सिंगालीला ते कांचनजंगा ही धार सोडली, तर ती बहुतांश तराईच्या सपाट शेतांतून जाते. रक्सौल, जोगबनी, सुनौली ही सीमेवरची गावं समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्या आत-बाहेर आहेत. पुणं ५६० मीटरवर आहे. भूतानलगतही जयगाव ते फुंत्शोलिंग असं डोंगराच्या पायथ्याशी, दुआरांच्या पट्ट्यात सीमा चालते. दुआर म्हणजे दार, भूतानमध्ये शिरायची दारं. तराईत सीमा कशी दिसते? दोन्ही बाजूंनी दहा-दहा गज मोकळी सोडलेली पट्टी, तिला तिथे दशगजा म्हणतात, आणि ठरावीक अंतरावर दगडी खांब. कुंपण नाही. सायकलवरून माणसं बाजाराला ये-जा करतात. तिथे चुका होतात त्या वेगळ्या: खांब पुरात वाहून जातो, दशगजात कुणी भाजी लावतं, कुणी गोठा बांधतं आणि वीस वर्षांत पट्टीच दिसेनाशी होते.

त्याहून अवघड नदीची सीमा. १८१६ मध्ये कायम झालेल्या सुगौलीच्या तहानं पश्चिमेला काली, म्हणजेच महाकाली, नदी सीमा मानली, पण कालीचा उगम कोणता हे लिहिलं नाही. कालापानी आणि लिपुलेखचा वाद तिथून निघाला. गंडकच्या काठी सुस्ता इथे वाद झाला तो नदीनं पात्र बदलल्यामुळे. हिमालयातून एकदम सपाटीला उतरणारी नदी बरोबर आणलेला गाळ टाकते, स्वतःचंच पात्र भरून काढते आणि एखाद्या पुरात बाजूला सरकते. तहाच्या वेळी काठाच्या या बाजूला असलेलं शेत त्या बाजूला जातं. सीमा नदीबरोबर सरकते की जुन्या पात्रात राहते, हे आधी ठरलेलं नसेल तर दोन्ही बाजूंचे शेतकरी खरे असतात.

एका सीमेचा तर अनेकांना पत्ताच नसतो. गृह मंत्रालयाच्या यादीत अफगाणिस्तानबरोबर १०६ किलोमीटर सीमा आहे. ती पाकिस्तानव्याप्त भागात, वाखान पट्टीला लागून आहे. रशियाचं आणि ब्रिटिशांचं साम्राज्य एकमेकांना भिडू नये म्हणून १८९५ मध्ये ती चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानकडे ठेवली गेली. म्हणून भारताच्या नकाशाला ताजिकिस्तान टेकत नाही. मध्ये वाखान आहे.

आता भिंतीच्या कल्पनेकडे परत, कारण तिथे सह्याद्री आपल्याला चुकवत नाही, वाट दाखवतो. उठावाच्या नकाशांत उंची कितीतरी पट वाढवून दाखवतात, म्हणून हिमालय भिंतीसारखा दिसतो. खरं प्रमाण धरून, २५० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याचा एक मीटर रुंद नमुना मातीत केला तर ८ किलोमीटरचं शिखर अवघं ३.२ सेंटिमीटर भरेल. त्यात उत्तरेचं तिबेटचं पठार, सरासरी ४५०० मीटर, आधीच १.८ सेंटिमीटर उंच असेल. म्हणजे गंगेच्या मैदानातून पाहणाऱ्याला तीन सेंटिमीटरचा चढ आणि तिबेटातून पाहणाऱ्याला जेमतेम दीड. कोकणातून पाहिलेला सह्याद्री आणि देशावरून पाहिलेला सह्याद्री यांत हाच फरक आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाताना डोंगर चढल्याचं फारसं जाणवत नाही. खंडाळ्याला पायाखालची जमीन संपते तेव्हा कळतं. हिमालय ही भिंत असण्यापेक्षा एका पठाराची कोकणाकडची बाजू आहे, आणि आपण कोकणात राहतो.

सीमेवरच्या रस्त्यांचा सगळा प्रश्न यातून समजतो. पलीकडून सीमेपर्यंत येणारा रस्ता पठारावरून येतो, चढ थोडा, पाऊस कमी, दरडी कमी. अलीकडून जाणाऱ्या रस्त्याला आधी नदीच्या घळीतून, दर पावसाळ्यात कोसळणाऱ्या उतारांवरून चढावं लागतं, मग एक खिंड, मग पुन्हा खाली नदी, पुन्हा खिंड. तवांगला जायला सेला खिंड चढून परत उतरावं लागायचं. म्हणून बोगद्यांवर एवढा भर: २०२० मध्ये रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा, २०२४ मध्ये सेला. कोकण रेल्वेचे बोगदे खणताना ज्यांनी पाण्यानं फुगलेली माती आणि ढासळणारे डोंगर पाहिले, त्यांना या कामाची किंमत सांगावी लागणार नाही.

राहिला सियाचीन. भारतीय सैनिक हिमनदीवर उभे आहेत असं आपण म्हणतो. १३ एप्रिल १९८४ पासून ते मुख्यतः हिमनदीच्या पश्चिमेला असलेल्या साल्टोरो धारेवर आहेत, सियाला आणि बिलाफोंडला या खिंडींच्या रांगेत; हिमनदी त्यांच्या पाठीमागे आहे. साल्टोरोच्या पूर्वेला वितळणारा बर्फ सियाचीनमधून नुब्रा नदीत आणि नुब्रेतून श्योकमध्ये जातो. पश्चिमेला, पाकिस्तानी ठाण्यांच्या बाजूला वितळणारा बर्फ साल्टोरो नदीतून जातो, आणि तीही श्योकलाच मिळते. कळसूबाईच्या उतारांसारखंच. दोन्ही सैन्यांच्या पायाखालचं ते पाणी एकत्र होऊन केरिसजवळ सिंधूला मिळतं, स्कर्दूवरून, नंगा पर्वताच्या पायथ्याच्या घळीतून, सगळा पंजाब आणि सिंध ओलांडून कराचीच्या पूर्वेला अरबी समुद्रात पोचतं. लोणावळ्याच्या कड्यावरून पश्चिमेला उतरलेलं पाणीही त्याच समुद्रात गेलेलं असतं.